उंबरठा म्हणजे शून्य अंश: चाळकऱ्यांनी टिपलेले पॅनोरामा आणि सामायिक एआर

पार्श्वभूमी

गिरगावातली ही चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची होती. समोरासमोर दोन अंगे, मध्ये फरसबंद आवार, आवाराच्या टोकाला बुजवलेली विहीर, प्रत्येक मजल्यावर चार फूट रुंद गॅलरी आणि दोन्ही टोकांना लाकडी जिने. एकूण ७२ खोल्या, बहुतेक दहा बाय सोळाच्या. पुनर्विकासाचा करार झाला, पर्यायी घराच्या भाड्याचे धनादेश हातात पडले आणि पावसाळ्याआधी खोल्या रिकाम्या करायचे ठरले. चित्रणाला उरले २६ दिवस.

रहिवाशांच्या उत्सव मंडळाची मागणी ऐकायला साधी होती. चाळ पडल्यावर गणपतीत सगळे भाड्याच्या सभागृहात जमणार. तिथे फोन डोळ्यांसमोर धरला की एक दार दिसावे, दारातून जुनी गॅलरी दिसावी. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात करून "ते बघ आपलं पिंप" म्हटले की शेजारी उभ्या नातवालाही त्याच दिशेला पिंप दिसावे. पहिल्या दोन गोष्टी एकट्याच्या फोनवरही होतात. तिसरीमुळे मात्र हे काम सामायिक एआरचे (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी: कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर चढवलेले चित्र, इथे सगळ्यांना एकाच जागी दिसणारे) झाले, आणि सगळी मेहनतही तिनेच करून घेतली.

काम करणारे आठ जण: चाळीतले पाच तरुण, दोन प्रोग्रॅमर (त्यातला एक चाळीचा जावई) आणि नोंदी ठेवायला एक निवृत्त ग्रंथपाल बाई. पहिल्या दिवशी या बाईंच्या वहीची थोडी थट्टा झाली. पुढे सगळा प्रकल्प त्याच वहीवर उभा राहिला.

अडचण

पहिले आवाहन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले: "आपापल्या खोलीचा, गॅलरीचा पॅनोरामा काढून पाठवा." आठवड्यात १४८ फाइली आल्या. त्यातल्या जेमतेम २० उपयोगाच्या निघाल्या.

पहिले कारण पाठवण्याच्या पद्धतीत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते; लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि फाइलीच्या पोटातली माहितीही गळून जाते. पॅनोरामाच्या बाबतीत हा तोटा दुप्पट असतो. सोळाशे पिक्सेल पूर्ण ३६० अंशांवर पसरले तर एका अंशाला साडेचार पिक्सेलसुद्धा येत नाहीत. त्यात खोलीचा क्रमांक काय, दरवाजावरची पाटी काय, काहीच वाचता येत नाही. शिवाय चित्र गोलाकार आहे की सपाट पट्टी, मधला पिक्सेल कोणत्या दिशेला आहे, हे सांगणारा जीपॅनो मेटाडेटा, म्हणजे फाइलीतच लिहिलेली पॅनोरामाची माहिती, तोही नाहीसा होतो. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोचते. एवढी एक सूचना पहिल्या संदेशात असती तर चार दिवस वाचले असते.

दुसरे कारण फोनमध्येच होते. बहुतेकांनी कॅमेऱ्याचा नेहमीचा पॅनोरामा मोड वापरला. तो एक वक्र पट्टी देतो. आयफोनवर ती २४० अंशांच्या आसपास थांबते. छत आणि जमीन त्यात अर्धवटच येतात. काही जुन्या अँड्रॉइड फोनांत पूर्ण गोल टिपणारा फोटो स्फिअर होता. पण गूगलच्या ज्या स्ट्रीट व्ह्यू अ‍ॅपमधून तो कोणत्याही फोनवर मिळत असे, ते मार्च २०२३ मध्ये बंद झाले.

तिसरे कारण सगळ्यांत चिवट. गॅलरीतल्या जवळजवळ प्रत्येक चित्रात कठडा तुटलेला होता: एक गज इथे संपतो आणि चार बोटे वर पुन्हा सुरू होतो. माणूस स्वतःभोवती फिरतो तेव्हा हातातला फोन अर्ध्या हाताच्या अंतरावर वर्तुळात फिरत असतो, म्हणजे भिंग दर फोटोला जागा बदलते. विहीर २० मीटरवर असल्याने तिला फरक पडत नाही, पण कठडा ६० सेंटिमीटरवर आहे. भिंग ३० सेंटिमीटर सरकले तर ५ मीटरवरची वस्तू साडेतीन अंश हलते आणि कठडा २६ अंशांहून अधिक. कोणतेही सॉफ्टवेअर ही शिवण लपवू शकत नाही. ती उसवतेच.

तोललेले पर्याय: टिपायचे कशाने

दोन भिंगांचा ३६० कॅमेरा भाड्याने आणून दोन दिवसांत सगळी चाळ टिपायची, असा पहिला प्रस्ताव होता. स्वस्त आणि जलद. त्याविरुद्ध मुद्दा तांत्रिक नव्हता. लोक सामान बांधत होते, खोल्या रोज बदलत होत्या, आणि कोणत्या खोलीतली कोणती अवस्था ठेवायची हे बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला कसे कळणार? एका काकूंना देवघर मांडलेले हवे होते, पलंग हलवलेला चालणार होता. शेजारच्यांना नेमके उलटे. टिपणारा खोलीतलाच माणूस असावा यावर मंडळ ठाम राहिले.

दुसरा प्रस्ताव त्रिमितीय स्कॅनचा होता: लायडार (लेझरने अंतरे मोजणे) किंवा २०२३ पासून बोलबाला असलेले गॉशियन स्प्लॅटिंग (अनेक फोटोंतून धूसर रंगीत ठिपक्यांचे त्रिमितीय दृश्य बांधणे). चाचणीला एक खोली घेतली. मोरीतला अंधार, कपाटाचा आरसा, स्टीलची भांडी आणि गुळगुळीत ऑइलपेंटच्या भिंती या चारांनी मिळून तिला वितळलेल्या मेणाचे रूप दिले. शिवाय असे दृश्य साध्या फोनवर रेटत नाही. तो मार्ग सोडला.

शेवटी ठरले ते असे. खोल्या आणि गॅलऱ्या रहिवासी आपापल्या फोनने टिपतील, पण पॅनोरामा मोडने नाही, सुटे फोटो काढून. ते ह्यूजिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडले जातील. जिने, संडास आणि आवार, म्हणजे ज्या जागा सगळ्यांच्या म्हणून कुणाच्याच नाहीत, त्या शेवटच्या एका दिवसात भाड्याच्या ३६० कॅमेऱ्याने घ्यायच्या. त्या कॅमेऱ्याची शिवण दोन भिंगांच्या मधल्या पातळीत येते आणि हाताच्या अंतरावरच्या वस्तूंवर उसवते. म्हणून अरुंद जागी एक भिंग कठड्याकडे, दुसरे भिंतीकडे, आणि शिवण लांबीच्या दिशेने. तिथे बहुतेक वस्तू दूर असतात.

टिपण्याची पद्धत

जुना गवंडी उपाय कामी आला: ओळंबा. फोनच्या मागच्या भिंगाशेजारी चिकटपट्टीने पाच फुटी दोरी, दोरीच्या टोकाला लोखंडी नट, आणि जमिनीवर खडूची फुली. प्रत्येक फोटोला नट फुलीवर आणायचा. फोन आता भिंगाभोवती फिरतो आणि माणूस फोनभोवती. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळे हसतात, तिसऱ्या फेरीला हात बसतो. कठडा सरळ येऊ लागला.

दोरीचा आणखी एक फायदा आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. नट जमिनीपासून दोन बोटे वर ठेवला की भिंगाची उंची प्रत्येक खोलीत सारखी राहते, साधारण दीड मीटर. आधीच्या फायलींमध्ये मुलांनी छातीपाशी धरलेले फोन होते. त्यातून पाहिले की माणूस जमिनीत अर्धा रुतल्यासारखा वाटे.

फोटोंची संख्या भिंगावर ठरते. ०.५ च्या रुंद भिंगाने, फोन उभा धरून, दर ४५ अंशांना एक असे ८ फोटो एका फेरीत पुरतात. शेजारच्या दोन फोटोंत जवळजवळ निम्मा भाग समान येतो. छताकडे दोन, जमिनीकडे एक. एकूण ११. ज्या फोनात रुंद भिंग नाही तिथे मुख्य भिंगाने १२ फोटोंच्या तीन फेऱ्या लागतात, वर-खाली मिळून ३८. हे काम कंटाळवाणे आहे आणि मधेच कुणीतरी चहा घेऊन येतो, की झाली फेरी पुन्हा.

प्रकाशाचे दोन नियम केले. एक, स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर बांधून टाकायचे. नाहीतर गॅलरीकडे तोंड केलेला फोटो काळा आणि खोलीकडचा पांढरा येतो, आणि जोडल्यावर भिंतीवर पट्टे दिसतात. दोन, ट्यूबलाइट चालू असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचे. आपली वीज ५० हर्ट्झची. त्याहून जलद शटरला आडवे पट्टे येतात. बहुतेक चित्रण सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान झाले. तेव्हा ऊन अजून आवारात उतरलेले नसते आणि नळाचे पाणी येऊन गेलेले असते.

ह्यूजिनमध्ये जोडताना चित्र तिरके राहू नये म्हणून दरवाजाच्या चौकटीच्या उभ्या कडांवर उभ्या रेषेचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे 'ही रेषा उभीच धर' असे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या खुणा, दिले. मात्र जुन्या चाळीत सगळ्याच चौकटी ओळंब्यात नसतात. तिसऱ्या मजल्यावर दोन चौकटी मोजून बाद कराव्या लागल्या.

पहिला निर्णयबिंदू: उत्तर दिशा कुणाची खरी

जोडलेल्या चित्रांना दिशा द्यायची होती. एका खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून समोरच्या अंगाकडे बघताना दिशा जुळली नाही तर बघणारा गोंधळतो: आत्ता डावीकडे असलेला जिना एकदम पाठीमागे जातो. जीपॅनोमध्ये चित्राच्या मध्याची दिशा अंशांत लिहायची सोय आहे. ती फोनच्या कंपासवरून भरायची असे ठरले आणि फजिती झाली. एकाच भिंतीला लागून असलेल्या नऊ खोल्यांच्या दिशा ४० अंशांपर्यंत वेगवेगळ्या आल्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मुंबईत जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे दोष त्याचा नव्हता. लोखंडी गर्डर, खिडक्यांचे ग्रिल, लोखंडी कपाट आणि काही फोनांच्या कव्हरमधले चुंबक, हे सगळे मिळून कंपासला भरकटवत होते.

प्रोग्रॅमरांनी कंपासची दुरुस्ती करणारे गणित मांडायला घेतले. ग्रंथपाल बाईंनी वहीतला चाळीचा नकाशा पुढे केला आणि विचारले, "अहो, सगळे उंबरठे एका रेषेत आहेत ना? मग दिशा वेगळी कशी असेल?"

त्यात उत्तर होते. चाळ काटकोनात बांधलेली. एका अंगाचे सगळे उंबरठे एकाच दिशेला बघतात, समोरच्या अंगाचे नेमके उलट दिशेला. मग कंपास कशाला हवा? प्रत्येक चित्रात रहिवाशाने फक्त एक खूण करायची: खोलीत असाल तर उंबरठ्याच्या मध्यावर बोट, गॅलरीत असाल तर विहिरीकडच्या जिन्यावर, आवारात असाल तर विहिरीवर. बाकीचे गणित सोपे आहे. चित्र ४०९६ पिक्सेल रुंद असेल आणि बोट २९०० व्या पिक्सेलवर पडले, तर २९०० भागिले ४०९६, वजा ०.५, गुणिले ३६०. उंबरठा चित्राच्या मध्यापासून ७५ अंश उजवीकडे आहे. तेवढे चित्र उलट दिशेने फिरवले की ती खोली चाळीत बसते. गॅलरीला आणि समोरच्या अंगाला ९० किंवा १८० मिळवायचे, झाले.

एका दुपारी ४४ चित्रांच्या खुणा झाल्या. सत्तरीच्या एका काकांनी नऊ चित्रे केली, तीही चष्मा न लावता, असे ते सांगतात.

दुसरा निर्णयबिंदू: काय दाखवायचे नाही

साध्या फोटोत नको ते चौकटीबाहेर ठेवता येते. पॅनोरामाला चौकटच नसते. खोलीच्या चित्रांत औषधांच्या पट्ट्या, भिंतीवर चिकटवलेली कागदपत्रे, कॅलेंडरवर पेनाने लिहिलेले फोन नंबर, आरशात टिपणारा स्वतः आणि दोरीवरचे कपडे आले. गॅलरीत शेजाऱ्यांची मुले आली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. पण कायदा नसता तरी हा प्रश्न चाळीत उठलाच असता.

संमती तीन पातळ्यांवर घेतली. खोली: फक्त तिथे राहणारे कुटुंब ठरवेल. गॅलरी: त्या मजल्यावरच्या प्रत्येक घराने चित्र पाहून हो म्हणायचे. आवार: मंडळाच्या बैठकीत दाखवायचे. खोलीसाठी आणखी एक प्रश्न होता: फक्त आपल्या घरच्यांना, सगळ्या चाळीला, की बाहेरच्यांनाही? बाहेरच्यांना कुणीच हो म्हटले नाही. म्हणून पानाला सांकेतिक शब्द घातला.

पुसट करण्यात एक तांत्रिक खोच होती. पसरलेल्या चित्रात छताजवळची आणि पायाजवळची वस्तू आडवी ताणलेली दिसते, तिथे चौकोनी डाग मारला तर गोलात तो विचित्र पाचर होऊन बसतो. आणि डावी-उजवी कड ही खरी कड नाही, ती मिळते. कडेवरचा चेहरा एका बाजूने पुसला तर दुसऱ्या बाजूने अर्धा राहतो. असे एकदा झाले. तेव्हापासून पुसण्याआधी चित्र सहा चौकोनी बाजूंच्या घनात बदलून घेतले.

चित्रण आणि गणपती यांच्या मधल्या काळात तळमजल्यावरचे एक आजोबा गेले. त्यांच्या गॅलरीच्या चित्रात ते आरामखुर्चीत बसलेले होते. गटातल्या एकाने चित्र काढून टाकावे असे सुचवले. ते चूक ठरले असते. घरच्यांना विचारले. सूनबाई म्हणाल्या, "राहू द्या. पण पहिल्यांदा आम्ही बघू, मग सगळे." तसेच केले.

दाखवायचे कसे

पहिला नमुना युनिटीत (गेम आणि एआर बांधायचे सॉफ्टवेअर) बांधलेले अ‍ॅप होता: फोनच्या जागेचा माग ठेवणारा, दारातून आत पाऊल टाकता येणारा. कार्यालयात छान चालला. मंडळाच्या खोलीत बारा जणांपुढे ठेवला तेव्हा पाच फोनांत एआरकोर, म्हणजे गूगलचे एआरसाठी लागणारे सॉफ्टवेअर, चालतच नव्हते आणि उरलेल्यांत ९० एमबी उतरवताना नेट बसले. शिवाय एक मूळ अडचण होती. पॅनोरामा एका बिंदूवरून टिपलेला असतो. त्यात चालून गेले तरी कठडा जवळ येत नाही, फक्त चित्र विचित्र ताणते. आत पाऊल टाकण्याची सोय द्यायची आणि मग पाऊल टाकू नका म्हणायचे, यात अर्थ नव्हता.

म्हणून वेबपान. मागे कॅमेऱ्याचे दृश्य, त्यावर दाराची चौकट, चौकटीत पॅनोरामा. फोन फिरवला की आतली चाळ फिरते. स्क्रीनचा खालचा चौथाई भाग मुद्दाम मोकळा ठेवला, पायाखालची जमीन आणि खुर्च्या दिसाव्यात म्हणून. तो भरला होता तेव्हा एक जण चालत जाऊन टेबलावर आदळला होता.

दोन गोष्टी आधीच माहीत असायला हव्या होत्या. कॅमेरा आणि दिशेचे सेन्सर ब्राउझर फक्त https पानालाच देतो. सभागृहात लॅपटॉपवर साधा सर्व्हर लावून चालत नाही. आणि आयफोनवर सेन्सरची परवानगी वापरणाऱ्याने बटण दाबल्यावरच मागता येते, पान उघडताच नाही. शेवटी पान इंटरनेटवर ठेवले, चित्रे सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणारा, फाइली फोनात साठवू शकणारा छोटा प्रोग्रॅम) आदल्या दिवशीच फोनात साठवली आणि कार्यक्रमात, एकाने चित्रावर बोट ठेवले की सगळ्यांच्या फोनवर तिथे ठिपका यावा म्हणून, फक्त ठिपक्यांचे छोटे संदेश फिरले: चित्राचा क्रमांक, आडवा कोन, उभा कोन, सेकंदाला दहा वेळा.

चित्राच्या आकारावर वाद झाला. ८१९२ बाय ४०९६ चे चित्र उघडे केले की ग्राफिक्सच्या स्मृतीत १२८ एमबी घेते. जुने फोन तिथेच मान टाकतात. ४०९६ ला ३२ एमबी. एएसटीसी या चित्र दाबण्याच्या पद्धतीने (६ बाय ६) दाबल्यास मोठे चित्रही १४ एमबीच्या आसपास येते, पण ती सोय सगळ्या ब्राउझरांत मिळत नव्हती. सरसकट ४०९६ ठेवले; नावांच्या पाट्या वाचायच्या होत्या त्या दोन गॅलऱ्या मात्र घनाच्या सहा तुकड्यांत, प्रत्येकी २०४८ च्या, दिल्या.

तिसरा निर्णयबिंदू: ठिपका बरोबर, हात चूक

रंगीत तालीम झाली. आजींनी पिंपावर बोट ठेवले, सगळ्यांच्या फोनवर पिंपावर ठिपका आला. तंत्र बिनचूक होते. मग त्यांनी सवयीप्रमाणे हात करून दाखवले, आणि समजले की कुणाचे पिंप स्टेजकडे आहे, कुणाचे स्वयंपाकघराकडे, एकाचे थेट प्रसाधनगृहात. ठिपका चित्राच्या पिक्सेलला बांधलेला असतो, तो चुकूच शकत नाही. चित्र सभागृहात कोणत्या दिशेला लावले आहे ते मात्र प्रत्येक फोन स्वतः ठरवत होता.

पुन्हा कंपास नको, हे आता सगळ्यांना पटलेले होते. क्लाउड अँकरचा (जागेच्या खुणा ऑनलाइन साठवून सगळ्या फोनांना एकच जागा ओळखायला लावणारी सोय) विचार झाला; त्याला अ‍ॅप लागते, आणि सभागृहाची आरास रोज बदलणार होती. रस्त्यावर दिशा ओळखणारी व्हीपीएस सेवा स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रांवर चालते. ती मुंबईत २०२२ पासून आहेत, पण बंद सभागृहात त्यांचा उपयोग नाही.

मग स्टेजवर एक मोठी खूण लावली आणि सगळ्यांनी तिच्याकडे फोन रोखून 'इथे' दाबायचे ठरले. खुणेसाठी कुणी रांगोळीची नक्षी सुचवली होती. ही खूण माणसांनी बघायची असल्याने चालून गेले. कॅमेऱ्याने ओळखायची असती तर रांगोळी चालली नसती, कारण ती चारी बाजूंनी सारखी असते आणि कॅमेऱ्याला सरळ-उलटे कळत नाही. तरीही पद्धत फसली. खूण ३ मीटरवर. मधल्या माणसापासून एक मीटर बाजूला उभा असलेला माणूस त्याच खुणेकडे १८ अंश तिरका बघतो. सगळे एकाच वस्तूकडे बघतात, पण सगळ्यांचे फोन समांतर नसतात. समांतर हवे होते.

या वेळी उंबरठ्याची आठवण जावयाला झाली. सरळ रेषा सभागृहातही होती: लांब भिंत. फोन सपाट धरायचा, लांब कड भिंतीला टेकवायची, वरची बाजू स्टेजकडे, आणि 'इथे' दाबायचे. भिंतीच्या कोणत्याही जागी केले तरी दिशा एकच. ज्येष्ठांसाठी दोन मुले भिंतीपाशी उभी केली. ती फोन घेत, टेकवत, "घ्या मावशी, झालं" म्हणून परत देत. प्रत्येकाला वीस सेकंद.

निष्पत्ती

गणपतीच्या तिसऱ्या संध्याकाळी तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येकी २० ते २५ जणांच्या. भिंतीवर शून्य केल्यानंतर फोनांमधला फरक ३ अंशांच्या आत राहिला. चार मीटरवरच्या पिंपासाठी तो साधारण एक वीत. हाताने दाखवताना एवढा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या फोनांत जायरो (फोन किती फिरला ते मोजणारा सेन्सर) सरकत जाऊन दहा मिनिटांत फरक ६ ते ८ अंशांवर गेला. म्हणून मजला बदलला की पुन्हा भिंत, असा क्रम ठेवला. चार फोन बॅटरीने गेले. एका जुन्या आयफोनने सेन्सरची परवानगी एकदा नाकारल्यावर पुन्हा विचारलीच नाही. पान बंद करून उघडावे लागले.

लोकांनी सर्वांत जास्त वेळ आवारात घालवला, खोल्यांत नाही. हे कुणीच धरून चाललेले नव्हते. सगळी मेहनत खोल्यांवर, आणि आवाराचे एकच चित्र, तेही ३६० कॅमेऱ्याने घाईत घेतलेले.

एक चूक नंतर कळली. कार्यक्रमानंतर एका कुटुंबाने खोलीची संमती मागे घेतली. सर्व्हरवरून चित्र काढले, तरी आधी साठवलेल्या फोनांवर ते दिसतच राहिले. सर्व्हिस वर्करची आवृत्ती वाढवून जुनी साठवण पुसावी लागली, आणि ज्यांनी ते पान पुन्हा उघडले नाही त्यांच्या फोनांत ती अजून असू शकते.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिला संदेश वेगळा असेल: दोरी, नट, खडू, आणि "डॉक्युमेंट म्हणून पाठवा", एवढेच. मूळ सुटे फोटोही मागवून ठेवायचे. जोडलेले चित्र बिघडले तर परत जोडता येते, पाडलेल्या खोलीत परत जाता येत नाही.

आवारात किमान पाच जागांवरून चित्रे घ्यायची, दर तीन-चार मीटरला एक, आणि प्रत्येकात विहीर दिसेल अशी. गॅलरीतही प्रत्येक जिन्यापाशी एक जास्त, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्यात जाताना उडी कमी वाटते. उंबरठ्यावर रंगीत चिकटपट्टी लावली असती तर खुणेचे काम यंत्रालाही जमले असते, पण मग काकांची नऊ चित्रे झाली नसती. हा तोटा मानायचा की नाही, यावर गटात अजून एकमत नाही.

चित्रे साठवताना मुदत घालायची: तीस दिवसांनी फोनातली प्रत आपोआप पुसली जाईल, आणि पान उघडल्यावर आधी संमतीची यादी तपासली जाईल. हे पहिल्याच दिवशी बांधायला दोन तासांचे काम होते.

आवाज कुणी टिपला नाही. जिन्याचा, नळाचा, समोरच्या अंगातून मारलेल्या हाकेचा. सभागृहात दुसऱ्या फेरीला कुणीतरी तिसऱ्या मजल्याच्या चित्रात बघत "अगं ए, पाणी आलं" अशी हाक दिली आणि उत्तर तीन-चार कोपऱ्यांतून आले.